मुलाला टाइप वन मधुमेह निघाला: पहिल्या वर्षात घरानं शिकायच्या गोष्टी

माझ्या लेकीला आठव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला. त्याआधीचे तीन आठवडे ती सारखं पाणी मागत होती, रात्री अंथरूण ओलं करत होती आणि बाथरूममध्ये मुंग्या लागत होत्या. परभणीचा उन्हाळा होता, त्यामुळे तहानेचं आम्हाला काही वाटलं नाही. फ्रॉक सैल झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, उंची वाढतेय. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, एका दवाखान्यात पित्ताचं औषध मिळालं. दुसऱ्या दिवशी ती पळून आल्यासारखी धापा टाकत होती आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मोठ्या रुग्णालयात बोटाला टोचून पाहिलं तर मीटरवर आकडाच आला नाही, नुसतं ‘हाय’ आलं.

म्हणून ज्यांच्या घरात अजून निदान झालेलं नाही त्यांच्यासाठी पहिली गोष्ट: तहान, वारंवार लघवी, अचानक पुन्हा अंथरूण ओलं होणं आणि उतरलेलं वजन, हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी बोटाची शुगर तपासा. डॉक्टर सलाईन लावायला निघाले तर आधी शुगर बघा, असं स्पष्ट म्हणा. ग्लुकोजचं सलाईन चढलं तर आजार आणखी भडकतो. बोट टोचायला मिनिटही लागत नाही.

ज्यांच्या घरी निदान होऊन गेलंय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. एक आधीच सांगते, यात मी इन्सुलिनचा डोस कुठेही सांगणार नाही. तो प्रत्येक मुलाचा वेगळा असतो आणि तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

रुग्णालयातून घरी निघण्याआधी

शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठते आणि त्या मारून टाकते. हा टाइप वन. गोड खाल्ल्यानं तो होत नाही, लाडानं होत नाही, गरोदरपणात आईनं आंबे खाल्ल्यानं होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजोबांना साठीत झालेला मधुमेह वेगळा. त्यात शरीर थोडंफार इन्सुलिन बनवत असतं, म्हणून गोळ्या चालतात. आपल्या मुलाचं शरीर ते बनवूच शकत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, रोज. हे वाक्य नवरा-बायको दोघांनी, आजी-आजोबांनी, काका-मामांनी पहिल्याच आठवड्यात नीट ऐकायला हवं, कारण पुढे होणाऱ्या बहुतेक चुका ते नीट न समजल्यामुळे होतात.

निघताना या गोष्टी कागदावर लिहून घ्या: कोणतं इन्सुलिन, किती युनिट, जेवणाच्या किती आधी, शुगर किती खाली गेली की काय करायचं, किती वर गेली की फोन करायचा, आणि रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा. सुई द्यायला घरातल्या दोघांनी परिचारिकेसमोर स्वतःच्या हातानं शिकायचं. दोघांनी, हे मी मुद्दाम सांगते. आमच्याकडे पहिले चार महिने फक्त मीच देत होते. मला ताप आला त्या दिवशी लेकीच्या वडिलांचे हात थरथरत होते, आणि ते बघून ती घाबरली होती.

सुई, पेन आणि ४०-१०० चा घोळ

बहुतेक मुलांना दोन प्रकारचं इन्सुलिन असतं. एक दिवसभर मंद काम करणारं, त्याला बेसल म्हणतात. ते रोज ठरलेल्या वेळी घ्यायचं, जेवलं तरी आणि नाही जेवलं तरी. दुसरं जेवणाचं. साधं रेग्युलर असेल तर जेवणाआधी साधारण अर्धा तास, नवीन झटपट काम करणारं असेल तर दहा-पंधरा मिनिटं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या आहेत: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं दिलं तर अडीचपट डोस जातो. दहा युनिट द्यायला जावं आणि पंचवीस जावेत. उलट केलं तर दहाच्या जागी चारच जातात. औषधाच्या दुकानात घाईत काहीही हातात पडू शकतं, म्हणून काउंटरवरच बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून बघा. पेन म्हणजे काडतूस बसवून, डोसाचा आकडा फिरवून इन्सुलिन द्यायचं साधन. त्यातली काडतुसं सहसा १०० चीच असतात. त्यातलं औषध सिरिंजनं काढायच्या भानगडीत पडू नका. परवडत असेल तर लहान मुलाला अर्ध्या युनिटचं पेन घ्या. वीस किलोच्या पोराला अर्धं युनिटसुद्धा जाणवतं.

पेननं देताना आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचे, थेंब आला की मगच डोस फिरवायचा, आणि टोचल्यावर सावकाश दहा आकडे मोजून सुई काढायची. लहान मुलांना ४ मिलिमीटरची सुई पुरते. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर तळहातांमध्ये हलकेच लाटायचं, खळाखळा हलवायचं नाही. जागा रोज बदलायची: पोट, मांड्या, दंड, कुल्ले. मुलं दुखत नाही म्हणून त्याच त्याच जागी मागतात. तिथे चरबीची गाठ धरते आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. आमच्याकडे कारण न कळता शुगर वर-खाली होत होती. शेवटी बेंबीच्या डाव्या बाजूला बोटं फिरवल्यावर मऊ गाठ लागली, तेव्हा उलगडा झाला.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की रुग्णालयात नेऊन द्या. घंटागाडीत टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्या बाईंच्या हाताला त्या लागतात.

शुगर लो झाली तर

हे पाठ हवं, अगदी शेजारच्या काकूंनासुद्धा. ७० च्या खाली म्हणजे लो. मूल घामेजतं, थरथरतं, पांढरंफटक पडतं, भूक भूक करतं. काही मुलं उगाच चिडतात, रडतात, तर काही एकदम गप्प होऊन एकटक बघत बसतात. झोपेत मानेला घाम येतो. मीटर जवळ नसेल तर तपासण्यासाठी थांबू नका, लो धरूनच चाला.

पहिलं: साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून पाजा. अंदाज असा की वजनाच्या दर किलोमागे ०.३ ग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला सपाट दीड छोटा चमचा, ३० किलोला दोन, ५० किलोला तीन.

दुसरं: त्याला बसवून ठेवा, एकटं सोडू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा द्या.

तिसरं: सावरल्यावर जेवण लांब असेल तर अर्धी पोळी किंवा थोडं दूध. जेवणाची वेळ झालेली असली तरी आधी लो निस्तरायचं, मग जेवणाच्या इन्सुलिनचं बघायचं.

पेढा, लाडू, चॉकलेट, बर्फी लो साठी देऊ नका. तूप आणि दुधामुळे त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. साधी साखर झटपट चढते. आमच्या सासूबाई पहिल्या वर्षी दर वेळी पेढा घेऊन धावायच्या. त्यांना रागावण्याऐवजी आम्ही त्यांना एक काम दिलं: जुन्या छोट्या डब्यांमध्ये चमचे मोजून ग्लुकोज भरायचं आणि दप्तरात, गाडीत, देवघराजवळ, पलंगाखाली ठेवायचं. आज सहा वर्षं झाली, एकही डबी रिकामी सापडलेली नाही.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा. घरात ग्लुकागॉनचं, म्हणजे शुगर झटपट चढवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन असेल तर ते द्या (सहसा २५ किलोच्या खाली अर्धं, वर पूर्ण, तुमचं प्रमाण आधीच लिहून चिकटवून ठेवा) आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉन सगळीकडे मिळत नाही. नसेल तर शिरेतून ग्लुकोज देता येईल असा जवळात जवळचा दवाखाना कोणता, हे आजच ठरवून ठेवा. आणीबाणीत तो शोधत बसू नये.

लो ची आणखी एक जागा म्हणजे रात्र. ज्या दिवशी संध्याकाळी खो-खो किंवा पोहणं जोरात झालं, त्या रात्री शुगर उतरते, कधी कधी खेळून आठ-दहा तासांनी. अशा दिवशी झोपताना तपासायचं आणि पहाटे तीनला एकदा गजर लावायचा. खेळायला जाण्याआधी ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या. खेळ बंद करू नका. त्या पोराचं आधीच बरंच काही गेलेलं असतं.

वही

रोज निदान चार वेळा तपासायचं: सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी, झोपताना. जमेल तेवढं जास्त. आकडा, इन्सुलिन, काय खाल्लं, काय वेगळं झालं हे एका वहीत लिहायचं. साधारण ७० ते १८० मध्ये जास्तीत जास्त वेळ राहायचं हे उद्दिष्ट. शुगर सतत मोजणारा, दंडावर चिकटवायचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि वेदनाही वाचवतो, पण खर्चिक आहे. आम्ही तो वर्षातून दोन-तीनदाच लावतो, डोस बसवायच्या काळात.

मला या लेखात सगळ्यांत जास्त सांगायचंय ते या वहीबद्दल. दुसऱ्या वर्षी लेकीची वही फार सुंदर दिसायला लागली. १२०, १३५, ११८. मी खूश. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आली १०.२, हवी होती सातच्या आसपास. डॉक्टरांनी काही न बोलता मीटर मागितलं आणि त्याची मेमरी उघडली. २८७. ३१०. २६४. वहीत १२० लिहिलेल्या दिवशी २८७.

बाहेर बाकावर तिला विचारलं, का लिहिलंस असं? ती म्हणाली, “तू आकडा बघून चेहरा करतेस.”

मी करत होते. दोनशेच्या वर आकडा आला की माझ्या तोंडून निघायचं, “काय खाल्लंस?” जणू चाचणी परीक्षेत नापास झाली. आपल्या घरांत आकडा दिसला की आपण मार्क बघितल्यासारखंच बोलतो, आणि मुलं मार्क लपवायला लवकर शिकतात. पण खोट्या आकड्यावर डोस ठरला तर जीव जाऊ शकतो.

तेव्हापासून घरात नियम केला. आकडा कितीही असो, पहिलं वाक्य एकच: “बरं. आता काय करायचं?” चांगली-वाईट शुगर असे शब्द बंद. वर आहे, खाली आहे, मध्ये आहे, एवढंच. चोरून लाडू खाल्ला असेल तरी “सांगितलंस ते बरं झालं, त्याचं इन्सुलिन घेऊ”. हा नियम शिक्षकांना, मामाला, सगळ्यांना सांगितला. सवय मोडायला मला चार-पाच महिने लागले. चेहऱ्यावर काही न दाखवणं हे सुई द्यायला शिकण्यापेक्षा अवघड आहे. पण नवीन घरांना मी आता पहिल्या दिवशीच हे सांगते, कारण बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

स्वयंपाकघरात

एक छोटा वजनकाटा घ्या. शुगर मुख्यतः कर्बोदकांनी चढते, आणि ती साखरेत असतात तशी भाकरीतही असतात. ‘ज्वारीनं शुगर वाढत नाही’ हे चूक आहे. वाढते, थोडी सावकाश वाढते इतकंच. हिशोब पिठावरून करायचा, कारण भाकरीचा आकार प्रत्येकीच्या हातचा वेगळा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३४ ग्रॅम कर्बोदकं. २५ ग्रॅम कणकेच्या पोळीत १६. ४० ग्रॅम कोरड्या तांदळाच्या भातात ३१. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात १०. आमच्याकडे नाश्त्याला सुशीला असते, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. मुरमुरे ताटलीभर दिसले तरी ३० ग्रॅमच भरतात आणि त्यात २३ ग्रॅमच्या आसपास येतं. पोटाला हलकं म्हणून शुगरला हलकं असं नाही.

डॉक्टर तुम्हाला एका युनिटमागे किती ग्रॅम हे प्रमाण देतील. समजा ते १५ असेल आणि ताटात ४५ ग्रॅम असतील तर तीन युनिट. पहिला महिना प्रत्येक गोष्ट तोला. नंतर डोळ्यांना सवय होते. वरण-फळं, धपाटे, थालीपीठ अशा मिसळलेल्या पदार्थांत सगळी पिठं आणि डाळी एकत्र मोजून, जेवढे वाटे झाले तेवढ्यांनी भागायचं.

उपासाचा दिवस फसवा असतो. ५० ग्रॅम साबुदाण्यात ४३ ग्रॅम कर्बोदकं, वर बटाटा. एकादशीला घरात ‘काही खाल्लं नाही’ म्हणतात त्या दिवशी लेकीचा आकडा पोळ्याच्या पुरणपोळीपेक्षा वर गेलेला मी पाहिलाय.

सणाला त्या मुलाला वेगळं ताट वाढू नका. पुरणपोळी, तिळगूळ, मोदक, थोडं मोजून, इन्सुलिन घेऊन, सगळ्यांबरोबर. बिनसाखरेची म्हणून विकली जाणारी बिस्किटं आणू नका. मैदा त्यांतही असतोच आणि मुलाला वाटतं की ही फुकट आहेत. भावंडांसाठीही वेगळं लपवून काही ठेवायचं नाही. घरात एकच डबा.

ताप, उलट्या आणि वर गेलेली शुगर

“पोरगं जेवलंच नाही, मग इन्सुलिन कशाला?” हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आणि टाइप वनमध्ये याच्याइतकी घातक गोष्ट दुसरी नाही. आजारपणात शरीर स्वतःच साखर सोडतं. इन्सुलिन नसेल तर चरबी जाळून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्ल बनतं. निदानाच्या वेळी आमची लेक तशीच धापा टाकत होती. म्हणून बेसल कधीही बंद नाही. डोस कमी-जास्त करायचा तर डॉक्टरांना फोन करून.

लघवीत कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवा. शुगर लागोपाठ दोनदा २५० च्या वर आली किंवा मूल आजारी असेल तर कीटोन बघा, दर दोन-तीन तासांनी शुगर बघा, पाणी पाजत राहा. खाणं उतरत नसेल आणि शुगर खाली यायला लागली तर साखरेचं सरबत किंवा भाताची पेज घोट घोट. कीटोन वाढत असतील किंवा उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि भराभर चालला असेल तर घरी थांबू नका, निघा.

एरवी शुगर वर दिसली म्हणून तासाभरानं पुन्हा इन्सुलिन देऊ नका. झटपटवालंसुद्धा तीन-चार तास काम करत असतं. एकावर एक चढत गेलं की मध्यरात्री लो येतो.

उन्हाळा आणि वीज

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं. दाराच्या कप्प्यात चालतं, बर्फाच्या कप्प्यापाशी नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. वापरात असलेलं ३० अंशांच्या खाली साधारण २८ दिवस टिकतं. उघडल्याची तारीख पेनाने त्यावर लिहा.

पण मे महिन्यात आमच्या घरातच ३० अंश कुठे असतात? वीज गेली, शेतावर निघालो, लग्नाला गेलो तर जुना उपाय चालतो: मातीचं मडकं, बाहेरून ओलं फडकं, सावलीत वाऱ्याची जागा, आणि आत घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन. प्रवासात ओल्या रुमालात गुंडाळलेली डबी हातातल्या पिशवीत. मोटारसायकलच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर गेलेल्या सामानात कधीच नाही. बर्फ वापरायचा तर मध्ये कापडाची घडी हवी. शुगर काहीही केल्या उतरत नसेल तर आधी औषध उन्हानं गेलंय का ही शंका घ्या आणि नवं काडतूस लावून बघा.

शाळा

वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा, एका पानावर लिहून द्या: लो कसा दिसतो, डबी कुठे आहे, काय द्यायचं, कोणाला फोन करायचा. सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मोठ्या अक्षरांत: ‘लो असताना हिला एकटीला पाणी प्यायला, बाथरूमला किंवा ऑफिसात पाठवू नका.’ मधल्या सुट्टीचं इन्सुलिन कुठे घ्यायचं हे ठरवा. बाथरूममध्ये लपून घ्यायला लावू नका. आमच्या लेकीनं एकदा वर्गात सगळ्यांना मीटर दाखवलं, त्यानंतर तिच्या मैत्रिणींनाच तिचा लो तिच्याआधी कळायला लागला.

काही शाळा नाही म्हणतात. तेव्हा सांगा की राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून टाइप वन असलेल्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधलं खाणं खाऊ द्यावं आणि परीक्षेतही हे सामान जवळ ठेवू द्यावं असं म्हटलंय. सीबीएसईनं दहावी-बारावीच्या परीक्षेत खाणं नेण्याची परवानगी २०१७ मध्येच दिली. बोर्ड कोणतंही असो, डॉक्टरांचं पत्र घेऊन अर्ज परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी करा.

लोक, आणि बरं करणारे

निदानानंतर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. उरलेल्या पेशी थोडा काळ पुन्हा काम करतात. याला हनिमूनचा काळ म्हणतात. काही महिने, कधी वर्षभर. नेमक्या याच वेळी कोणीतरी एखादी पुडी, काढा किंवा एखाद्या महाराजांचा पत्ता घेऊन येतं, शुगर उतरलेली असते, आणि श्रेय पुडीला जातं. मग इन्सुलिन बंद करायचा सल्ला मिळतो. हनिमून संपतो तेव्हा ते मूल अतिदक्षता विभागात असतं किंवा तिथवर पोचतही नाही. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यांतलं काहीही इन्सुलिन बनवत नाही. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडातल्या टोरंटोत, चौदा वर्षांच्या मुलाला. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच उपचार जगात होता. इन्सुलिन सोडा म्हणणारा माणूस आपल्या मुलाला त्या काळात परत पाठवतोय, हे त्याच्या तोंडावर सांगायला मी शिकले.

दुसरं म्हणजे, मुलगी असेल तर पहिल्याच आठवड्यात एखादी आत्याबाई हळूच म्हणते, “बाहेर बोलू नका, पुढे लग्नाचं कठीण जाईल.” आम्ही सहा महिने लपवलं. त्या काळात ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला लो झाली आणि तिथे कोणालाच माहीत नव्हतं. लपवण्याची किंमत मुलगी स्वतःच्या शरीरानं देते. नीट सांभाळलेल्या टाइप वनमध्ये शिक्षण, नोकरी, संसार, मुलंबाळं सगळं होतं. आता आम्ही सगळ्यांना सांगतो.

पैसा आणि तपासण्या

खर्च कायमचा आहे, तेव्हा लाजू नका. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात इन्सुलिनची चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरची उडान आणि नागपूरचा ड्रीम ट्रस्ट या संस्था अशा मुलांसाठी काम करतात. तिथे गेल्याचा दुसरा फायदा म्हणजे आपल्यासारखी दहा घरं भेटतात, आणि मुलाला कळतं की पोटाला सुई लावणारे आपण एकटे नाही. पट्ट्या वाचवण्यासाठी तपासणं कमी करू नका, दुसरीकडे कुठेतरी काटकसर करा.

दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, साधारण ७ च्या खाली आणायचा प्रयत्न. थायरॉइड आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा सिलिॲक आजार यांची तपासणी अधूनमधून, कारण टाइप वनबरोबर ते येऊ शकतात. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास किंवा काही वर्षं झाल्यावर डोळे आणि लघवीतली प्रथिनं, दरवर्षी. वेळच्या वेळी वजन-उंची मोजा; पोर वाढत असेल तर इन्सुलिन पुरतंय.

हळूहळू मुलाच्या हातात

सात-आठ वर्षांचं मूल स्वतः बोट टोचू शकतं. दहा-अकराचं सुई लावू शकतं, पण आकडा मोठ्या माणसानं बघायचा. हिशोब करणं त्यानंतर. घाई करू नका. ‘आता मोठी झालीस, तुझं तू बघ’ म्हटल्यावर बाराव्या-तेराव्या वर्षी मुलं इन्सुलिन चुकवायला लागतात, आळसानं नाही, थकून. शिवाय त्याच वयात शरीर बदलतं आणि गरज वाढते. लेकीची शुगर पाळीच्या आधी तीन-चार दिवस चढलेली असते. हे आम्हाला वहीतूनच कळलं, खऱ्या आकड्यांच्या वहीतून.

ती आता चौदा वर्षांची आहे. जेवणाचा हिशोब तीच करते. रात्री नऊला बेसल स्वतः घेते, आणि टोचायच्या आधी पेन माझ्यासमोर धरते. मी खिडकीतला आकडा वाचते, तीही वाचते, मग ती टोचते.